पुडीचा संसार आणि पोत्याचा भाव

पगार किंवा मजुरी हाती येते त्या दिवशी घर श्रीमंत असते. वीस तारीख उलटली की त्याच घरातून पावकिलो साखर आणि दहा रुपयांचे तेल आणण्यासाठी पोराला दुकानात पिटाळले जाते. नांदेडच्या सिडको-हडकोतील दोन खोल्या असोत, लातूरची पत्र्याची वस्ती असो की तालुक्याच्या गावचे शिक्षकाचे घर असो, महिनाअखेरचे हे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच. त्यात नवरा-बायको दोघेही कामावर. ती अंगणवाडीत, दवाखान्यात, बांधकामावर किंवा नगरपालिकेच्या झाडूकामावर. तो एसटीत, कारखान्यात किंवा मोंढ्यात हमालीला. बाजारात चार दुकाने फिरून भाव काढायला वेळ कोणाला आहे? मग जे दुकान जवळ, ते आपले आणि तो सांगेल तो भाव खरा.

भगिनींनो, या घाईची किंमत आपण दररोज मोजत असतो. ती किती, आणि त्यातली किती वाचवता येते, याचा आज थोडा हिशेब मांडू या.

गरिबाचे पोट आणि खर्चाचा वाटा

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कामगारांच्या घरखर्चाचा अभ्यास करून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे आजही तेच दिसते. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर जाते. म्हणजे डाळ-तेल महागले की श्रीमंताची चैन थोडी कमी होते, आपल्या घरी मात्र मुलीची फी थांबते.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची किंमत घसरते तेव्हा वस्तूंचे भाव आधी वाढतात आणि मजुरी मागून रखडत येते. व्यापाऱ्याला होणारा नफा हा मजुराच्या खिशातून गेलेला असतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. शंभर वर्षांपूर्वीचे ते विवेचन आज बाजाराची पिशवी घेऊन निघालेल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको. ती ते रोज भोगते.

पुडीत बांधलेला तोटा

गरीब माणूस महाग खरेदी करतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण हिशेब तसाच आहे. ज्याच्याकडे रोख रक्कम आहे तो पोते घेतो, ज्याच्याकडे नाही तो पुडी घेतो. पुडीत मालाबरोबर कागदाचे, प्लॅस्टिकचे, सुट्या विक्रीचे आणि दुकानदाराच्या वेळेचे पैसे असतात. चहाची पुडी, मसाल्याची पुडी, कपडे धुण्याच्या पावडरीची पुडी यांचा किलोचा भाव एकदा काढून पाहा. दहावीतल्या मुलाला तेवढे गणित करायला सांगा. आकडा पाहून तोही चकित होईल.

मात्र हिशेब केल्याशिवाय कोणताही नियम मानू नका. शाम्पूच्या बाबतीत कित्येकदा उलटे असते. मोठ्या बाटलीपेक्षा पुड्याच मिलिलिटरमागे स्वस्त पडतात. म्हणून 'मोठे ते स्वस्त' असे डोळे झाकून धरू नये.

दुसरा तोटा उधारीचा. खात्यावर माल मिळतो तेव्हा तोंड बंद ठेवावे लागते. भाव विचारता येत नाही, डाळ चिवडून पाहता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही. समजा, महिन्याला ४,००० रुपयांचा माल आपण उधार घेतो आणि तो बाजारापेक्षा फक्त ५ टक्के महाग पडतो. महिन्याचे २०० आणि वर्षाचे २,४०० रुपये झाले. तेवढ्यात पोराचा गणवेश, दप्तर आणि वह्या येतात. उधारी एका दिवसात सुटत नाही, हे खरे. पण दर महिन्याला एकेक वस्तू उधारीतून काढून रोखीवर आणता येते. पहिल्या महिन्यात तेल, दुसऱ्या महिन्यात साखर, तिसऱ्या महिन्यात डाळ. वर्षभरात खाते कोरे होऊ शकते.

काटकसर म्हणजे उपास नव्हे

काटकसरीचा विषय निघाला की पहिली कात्री घरातल्या बाईच्या ताटाला लागते. डाळ पातळ होते, दूध फक्त मुलाला, अंडे फक्त कमावत्याला आणि आईच्या वाट्याला उरलेली भाकर व चटणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तेव्हा डाळ, अंडी, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी यांतून पैसा वाचवू नये. तो वाचवावा पाकीटबंद कुरकुरीत पदार्थांतून, थंड पेयांतून, तंबाखू-गुटख्यातून, जाहिरात पाहून घेतलेल्या पावडरींतून आणि खरेदीच्या वाईट पद्धतीतून.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. धाराशिव जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली आहे. वाट्याला जे आले ते वाळवून, खारवून, टिकवून त्या माउल्यांनी पिढ्या जगवल्या. ती लाचारी आपण मागे टाकली, ते योग्यच झाले. पण त्यांची हातोटी का टाकावी? अंबाडीची भाजी, हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, येसर घालून केलेली आमटी हे सारे स्वस्त आहे आणि अंगीही लागते.

कोणत्या महिन्यात काय घ्यावे

लातूरची ओळख तुरीच्या बाजारपेठेची आणि डाळमिलची. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास देशातील अनेक शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा या तुरीच्या मुलखातील कष्टकरी घरांतही वरण पातळ झाले. दुष्काळाचे ते वर्ष होते; पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी कोणाचाच हिशेब चालत नाही. पण साधारण वर्षी सुगीला भाव उतरतात आणि पावसाळ्यात, सणासुदीला चढतात. ती वेळ साधली पाहिजे.

तूर आणि तूरडाळ: नवी तूर डिसेंबरअखेर मोंढ्यात येऊ लागते. जानेवारी ते मार्च हा डाळ घेण्याचा काळ.

हरभरा व हरभराडाळ: फेब्रुवारी-मार्च.

ज्वारी आणि गहू: रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. सोयाबीन वाढले, ज्वारी घटली. पूर्वी गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी आता कित्येकदा गव्हापेक्षा महाग असते. म्हणून ती सुगीलाच घ्यावी.

मिरची, हळद, चिंच: फेब्रुवारी ते एप्रिल. वसमतची हळद आणि निलंग्याकडची पानचिंचोलीची चिंच आपल्या उंबऱ्याशी असताना मसाल्याच्या पुड्या कशाला? वर्षाचे तिखट आणि काळा मसाला उन्हाळ्यात एकदाच कांडून घ्यावा.

कांदा-लसूण: उन्हाळी कांदा टिकतो, पावसाळी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवावा.

मूग, उडीद: सप्टेंबर-ऑक्टोबर.

वर्षाचे एकदम घेण्याइतका पैसा नसेल तर तीन महिन्यांचे घ्या. जागा नसेल तर फक्त डाळ आणि तिखट घ्या. पूर्वी वाड्यांत बळद आणि पेव असत, आपल्या घरी कणगी असे. आता पत्र्याची कोठी पुरे. धान्य दोन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर भरावे. तळाशी व मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. डाळीला एरंडेलाचा अगदी हलका हात फिरवून पुन्हा ऊन द्यावे. एक गोष्ट मात्र काळजावर कोरून ठेवा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. किडीने खाल्लेले चार किलो धान्य परवडले.

दहा घरांचे एक पोते

एकट्याला पोते परवडत नाही, दहा जणांना परवडते. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावात १८४४ साली २८ कामगारांनी, त्यांत बरेचसे विणकर होते, एकेक पौंड वर्गणी काढून आपले दुकान सुरू केले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. शुद्ध माल, पुरते माप आणि रोख व्यवहार हा नियम. जगभरातील ग्राहक सहकारी चळवळ त्या दुकानाकडे बोट दाखवते. आपल्याकडे मुंबईच्या नायगावातील कामगारांनी १९४८ साली 'अपना बाजार' उभा केला. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवायच काम करून दाखवले. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एका घरी उतरवायचा आणि सभासदांनीच वाटून घ्यायचा.

नांदेडचा नवा मोंढा आणि लातूरची गंजगोलाई व मार्केट यार्ड आपल्यापासून किती लांब आहेत? ज्या वस्तीत आधीच महिला बचत गट आहे, तिथे तर निम्मे काम झालेले आहे. माणसे ओळखीची आहेत, वही आहे, दर महिन्याची बैठक आहे. त्या बैठकीत आणखी एक विषय घ्यायचा, एवढेच.

समजा दहा घरे एकत्र आली. प्रत्येकाला महिन्याला डाळ ३ किलो लागते; एकत्र ३० किलोचा कट्टा झाला. साखर ५ किलो. एकत्र ५० किलोचे पोते झाले. आता समजा एकत्र घेतल्याने डाळीत किलोमागे १० रुपये वाचले, म्हणजे ३० रुपये. साखरेत किलोमागे ३ प्रमाणे १५. चार किलो तेलात ८ प्रमाणे ३२. दोन किलो शेंगदाण्यांत १५ प्रमाणे ३०. पोहे, रवा, साबण यांत मिळून ४३. एका घराचे महिन्याचे १५० रुपये झाले, वर्षाचे १,८०० आणि दहा घरांचे १८,०००. भाव गावागावाला बदलतील, पण गणिताची रीत हीच. आपापल्या बाजारातले आकडे घालून पाहा.

मात्र अशी कामे हिशेबावरून मोडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून पाच नियम पाळा.

१. पैसे आगाऊ आणि रोख. उधार कोणालाही नाही, अध्यक्षबाईंनाही नाही.

२. खरेदीला दर महिन्याला वेगळ्या दोघी-तिघी जाव्यात. निदान तीन दुकानांचे भाव काढावेत आणि पक्की पावती घ्यावी.

३. वाटप सर्वांसमोर, चांगल्या काट्यावर. वाटताना पोत्यामागे जी थोडी घट येते ती सर्वांत वाटून टाकावी.

४. रिक्षाभाडे व हमाली समान वाटावी. हमालाची हमाली मात्र कापू नये. तोही आपलाच माणूस आहे.

५. हिशेब बैठकीत मोठ्याने वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळला पाहिजे.

सुरुवात डाळ, साखर आणि तेल या तीनच वस्तूंनी करा. तीन महिने सुरळीत गेले तर यादी वाढवा.

पाकिटावरची बारीक अक्षरे

पूर्वी तेल, चहा, बिस्किटे ठरावीक वजनातच पाकीटबंद करावी लागत. तो नियम २०२२ नंतर गेला. आता पिशवी दिसते तेवढीच, पण आत ८०० किंवा ८५० ग्रॅम असू शकते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, हे लक्षात ठेवा. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा एक नव्हे. १५ लिटर म्हणजे सुमारे साडेतेरा किलोच तेल. भाव विचारताना 'किलोचा की लिटरचा?' हे आधी विचारा.

छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत आहे, सर्व करांसह. तिच्यापेक्षा कमी घेता येते, जास्त घेणे गुन्हा आहे. थंड बाटलीवर 'गार केल्याचे' दोन रुपये मागितले तर देऊ नका. 'एकावर एक मोफत' दिसले की आधी मुदत संपण्याची तारीख पाहा.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी बसला. सुट्या मालाला आणि २५ किलोवरच्या पोत्याला तो लागला नाही. दहा घरांच्या पोत्याचा हा आणखी एक फायदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तो फरक आपल्या पावतीत उतरला का, तेही पाहावे.

माप कमी दिले, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मापाची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयातही करता येते. भांडण नको म्हणून गप्प बसणाऱ्यालाच नेहमी कमी मापले जाते.

रेशनचे धान्य आपल्या हक्काचे

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा ठरवून दिले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही सोय वाढवण्यात आली. 'एक देश, एक रेशनकार्ड' या सोयीमुळे कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांनाही तिथे आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते.

तरीही आपल्या वस्त्यांत एक वाईट चाल आहे. रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्याला मातीमोलाने विकायचा आणि त्याच पैशात थोडीशी ज्वारी आणायची. ही विक्री बेकायदा आहे आणि तोट्याचीही. तांदूळ नको असेल तर त्याचे रूप बदला. उडदाबरोबर भिजवून इडली-धिरडी करा, ज्वारीच्या पिठात तांदळाचे पीठ मिसळून भाकरी करा, उन्हाळ्यात पापड-कुरडया करा. तांदळात थोडे वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे सापडले तर 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून ते फेकू नका. मार्च २०२४ पर्यंत देशभरच्या रेशनवर असा पोषक तांदूळ पोहोचवण्यात आला होता. त्या दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असते. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारावे.

ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावा. जी वस्तू संपत येईल ती त्याच क्षणी, ज्याच्या लक्षात येईल त्याने लिहायची. यादी करणे हे काही एकट्या बाईचे काम नाही. किराणा महिन्यातून एकदा, भाजी आठवड्यातून दोनदा. मधल्या फेऱ्या बंद. रोजच्या फेरीत एका वस्तूसाठी गेलेला माणूस तीन वस्तू घेऊन येतो. भुकेल्या पोटी आणि लहान पोराला घेऊन बाजारात जाऊ नये.

आठवडी बाजारात दिवस कलल्यावर भाजी उतरते. पालेभाजी त्याच रात्री निवडून कोरड्या कापडात ठेवावी. सुटीच्या दिवशी शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी, येसर आणि भिजवलेली कडधान्ये तयार असली की कामावरून थकून आल्यावर वडापाव मागवावा लागत नाही. डाळ तासभर भिजवून कुकरला लावली की गॅसही वाचतो. मोबाईलवरून घरपोच मागवणाऱ्यांनी मालाच्या किमतीत पोहोचवण्याचा आणि हाताळणीचा खर्च मिळवूनच तुलना करावी.

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुला-मुलींनाही हेच सांगणे. चौघांनी मिळून एक डबा तेल, एक पिशवी पोहे आणि पाच किलो पीठ आणले तर महिना निघतो. आई-बापाने घाम गाळून पाठवलेला पैसा रोजच्या वडापाव-चहात विरू देऊ नका.

मातीतून येणारी बचत

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात पुनर्वसनाच्या कामातून बायका पुढे आल्या. त्याच कामातून उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने पुढे दुष्काळाच्या काळात स्त्रियांसाठी एक एकर शेतीचा मार्ग धरला. घरच्या शेतातला एक एकराचा तुकडा बाईने मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीनऐवजी आधी घरच्यांना लागणारे धान्य, डाळी आणि भाज्या पिकवायच्या. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सोयाबीन विकून महाग डाळ विकत आणण्यापेक्षा डाळ पेरणे शहाणपणाचे, हा त्यातला साधा विचार.

आपल्यापैकी पुष्कळांना एकरभर जमीन कुठली? ज्यांच्या वाट्याला गायरानाचा तुकडा आला आहे त्यांनी त्यातल्या चार ओळी घरच्या डाळीसाठी राखाव्यात. ज्यांना तेवढेही नाही त्यांनी मोरीच्या पाण्यावर शेवगा, कढीपत्ता आणि दोडक्याचा एक वेल लावावा. पत्र्यावर चढलेला वेल सावलीही देतो आणि कोरड्यासही.

वाचलेला पैसा कुठे जातो?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाचलेले पैसे डोळ्यांसमोर राहिले नाहीत तर ते वाचलेच नाहीत. एकत्र खरेदीतून जे दीडशे-दोनशे वाचतील ते त्याच दिवशी बचत गटात किंवा पोस्टात मुलीच्या नावावर भरा. वहीवर लिहा, 'डाळीतून वाचले', 'तेलातून वाचले'. तीन वर्षांनी ती अकरावीच्या प्रवेशाला जाईल, तेव्हा सावकाराच्या दारात कोणी उभे राहायला नको. पोत्याचा भाव आपल्यालाही मिळू शकतो. येत्या बैठकीत विषय काढा आणि पहिला कट्टा आणून दाखवा.